बंदिश बांधता बांधता शिकलेलं शास्त्र

संगीतात शास्त्राचा पेपर म्हणजे पाठांतर, ही समजूत घेऊनच आमच्याकडची बहुतेक मुलं विशारद परीक्षेपर्यंत पोचतात. थाटाची व्याख्या, वादी-संवादी, पूर्वांग-उत्तरांग, भातखंडे आणि पलुस्करांची चरित्रं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वही उघडायची, पेपर लिहायचा, वही मिटायची. रोजच्या रियाजाचा त्या वहीशी काही संबंध नसतो. नागपुरात एम.ए.ला संगीत घेतलं तेव्हा मीही असंच धरून चालले होते. शास्त्र आणि गाणं एकत्र आलं ते रचना करायला लागल्यावर. त्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण संगीत घेऊन कॉलेजात जाणाऱ्या मुलांना 'पुढे काय करणार?' हे सगळे विचारतात, पण तिथे नेमकं काय शिकता, हे क्वचितच कोणी विचारतं.

आमचा वर्ग लहान. कोणी वर्धेहून रोज येणारं, कोणी भंडाऱ्याचं, दोघं-तिघं नागपूरचीच. गायन शिकवायला मॅडम आणि शास्त्र शिकवायला सर. पहिल्याच सत्रात सरांनी फिजिक्सच्या लॅबमधून सोनोमीटर मागवला. लाकडी पेटीवर ताणलेली एक तार, खाली दोन सरकत्या घोड्या आणि टोकाला लटकवलेली वजनं. बारावीला विज्ञान घेतलेल्यांनी तो पाहिला होता, पण गाण्याच्या वर्गात तो कशाला, हे कोणालाच कळेना.

अहोबल आणि श्रीनिवास या पंडितांनी वीणेच्या तारेच्या लांबीवरून स्वरांच्या जागा सांगितल्या आहेत. तार ३६ इंचांची धरायची. निम्म्यावर, म्हणजे १८ इंचांवर, तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला सा. त्या दोहोंच्या मधोमध, २७ वर मध्यम. २४ वर पंचम. मेरू, म्हणजे तारेचं वरचं टोक, आणि पंचम यांच्या मध्यावर, ३० इंचांवर, आपला आजचा कोमल गांधार. शुद्ध गांधार २८ पूर्णांक दोन तृतीयांशावर. भातखंड्यांच्या पद्धतीने शिकणाऱ्यांना याच मापांवरून आलेली आंदोलनसंख्या, म्हणजे सेकंदाला किती कंपनं ती, पाठ असते: षड्ज २४०, पंचम ३६०, मध्यम ३२० आणि गांधार ३०१ पूर्णांक १७/४३. हा विचित्र अपूर्णांक विशारदच्या वेळी सगळ्यांनी घोकलेला असतो. तो कुठून येतो, हे मात्र मला त्या दिवशी तारेशेजारी बसून कळलं.

सरांनी घोड्या बरोबर ३६ इंचांवर ठेवल्या, तानपुरा तारेच्या षड्जाला मिळवला आणि म्हणाले, "आता पट्टी बघायची नाही. एकानं घोडी सरकवायची, बाकीच्यांनी डोळे मिटायचे. तानपुऱ्यातून जो गांधार ऐकू येऊन राहिला, त्याच्याशी जुळला की थांबवायचं."

तानपुऱ्यात गांधाराची तार नसते. पण खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची, तार छेडली की काही क्षणांनी तिच्यातून गांधार उमलतो. तो त्या तारेचा पाचवा उपस्वर, म्हणजे मूळ आंदोलनांच्या पाचपट. जवारी, म्हणजे घोडीवरची तारेची बैठक, चांगली लागली असेल तर तो स्वच्छ ऐकू येतो. आधी आमच्यातल्या काहींना तो ऐकूच येईना. मॅडम शांतपणे पुन्हा पुन्हा तार छेडत राहिल्या. एकदा ऐकू आल्यावर मात्र तो कानातून जात नाही.

आमची घोडी थांबायची ती २८ दशांश ८ इंचांच्या आसपास. पुस्तकातल्या मापापासून जेमतेम साडेतीन मिलिमीटर दूर. २८.८ म्हणजे ३६ चे चार पंचमांश, म्हणून आंदोलनं पाचास चार या प्रमाणात, बरोबर ३००. मग सरांनी पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, गांधार वाजवला. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे २४० च्या षड्जावर तिचा गांधार ३०२ च्याही किंचित वर जातो. म्हणजे एकाच नावाचे तीन गांधार, आणि तिघांत मिळून तीन आंदोलनांचाही फरक नाही. पण तानपुऱ्यासोबत पेटीचा गांधार धरून ठेवला की दोघांच्या मध्ये एक कंप ऐकू येतो, आणि आमची घोडी जागेवर आली की तो विरतो. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती, हे मी वाचलं होतं. त्या बंदीमागचं स्वरांचं भांडण काय होतं, ते त्या दुपारी कानाला समजलं. पेटीची बंदी योग्य होती असं मला वाटत नाही, तिच्या साथीने ज्यांनी गाणं फुलवलं त्यांची नावं फार मोठी आहेत. पण आक्षेप खोटा नव्हता.

नाट्यशास्त्रकार भरताच्या बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातली सूक्ष्म स्वरांतरं, आम्ही चौकटीच्या कागदाच्या दोन पट्ट्या कापून शिकलो. एक अचल वीणा, एक चल वीणा. चल पट्टी एकेक घर खाली सरकवायची आणि कोणता स्वर कशावर येऊन बसतो ते पाहायचं. दुसऱ्या सारणेत, म्हणजे दुसऱ्यांदा सरकवल्यावर, गांधार-निषाद अचल वीणेच्या रिषभ-धैवतावर येतात, तिसरीत रिषभ-धैवत षड्ज-पंचमावर, चौथीत षड्ज, मध्यम आणि पंचम अनुक्रमे निषाद, गांधार आणि मध्यमावर. सगळे सरकून झाल्यावर बाविसाचा हिशेब आपोआप पुरा होतो. भरत स्वर शेवटच्या श्रुतीवर ठेवतो आणि भातखंडे पहिल्या. म्हणून त्याचं शुद्ध सप्तक आपल्या काफीसारखं येतं आणि आपलं बिलावल. हे वाक्य मी आधी किती तरी वेळा लिहिलं असेल. पट्टी हातात धरल्यावर ते पटलं.

याच काळात एका थाटातून, म्हणजे सात स्वरांच्या एका साच्यातून, ४८४ राग कसे होतात ते गणितही झालं. संपूर्ण, षाडव, औडव, म्हणजे सात, सहा, पाच स्वरांच्या आरोह-अवरोहांच्या नऊ जोड्या आणि त्यांची बेरीज. व्यंकटमखी पंडिताच्या ७२ मेळांनी, म्हणजे थाटांनी, गुणलं की ३४,८४८. फळ्यावर हा आकडा लिहून सरांनी विचारलं, "एवढे राग आहेत, मग आपण गाऊन किती राहिलो?" वर्ग गप्प. "कारण हे राग नाहीत, ह्या शिड्या आहेत. राग कसा होते ते आता तुम्हीच करून पाहा." आणि त्यांनी रचनेचं पहिलं काम दिलं: एक मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, तीनतालात, मध्यलयीत, शब्द आपले स्वतःचे. तोच मुखडा त्याच शब्दांसह आधी भूपात आणि मग देशकारात.

दोन्ही रागांत स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूप कल्याण थाटाचा, वादी, म्हणजे रागाचा मुख्य स्वर, गांधार, त्याच्या खालोखालचा संवादी धैवत, रात्रीचा पहिला प्रहर. देशकार बिलावल थाटाचा, वादी धैवत, संवादी गांधार, सकाळचा. हे तर सातवीतल्या पोरालाही सांगता येतं. बांधायला बसल्यावर मात्र हेच दोन शब्द, वादी आणि संवादी, मला पहिल्यांदा उपयोगाचे झाले.

एप्रिल होता. नागपूरचा एप्रिल ज्याने काढला त्याला पावसाशिवाय दुसरं काही सुचणं कठीण. मी ओळ लिहिली: 'ये ग सरी ये, तापली धरा'. मात्रा मोजल्या, आठ आणि आठ, सोळा. तीनतालात मुखडा खालीपासून, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडतात तिथून, नवव्या मात्रेवर उचलायचा. मग 'ये ग सरी ये' हे नऊ ते सोळात बसतं आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येते 'तापली'मधल्या 'ता'वर. यावर वर्गात बरीच चर्चा झाली. वर्धेच्या मैत्रिणीचं म्हणणं, हाक महत्त्वाची आहे, 'ये' समेवर हवं. मला वाटत होतं की हाक खालीपासून निघावी आणि ती कशासाठी आहे त्यावर वजन पडावं. मॅडमनी दोन्ही गाऊन दाखवलं. 'ता'चा आकार समेवर मोकळा लागत होता, आवाज तिथे थांबू शकत होता. 'ये' समेवर घेतलं की गाणाऱ्याला तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबावं लागे. समेवर कोणता स्वर येतो याइतकंच कोणतं अक्षर येतं हेही पाहायचं असतं. जुन्या बंदिशी गाताना ही काळजी आपल्या लक्षातच येत नाही, कारण ती कुणीतरी आधीच घेतलेली असते.

भूपासाठी मंद्र धैवतावरून षड्ज, रिषभ असं वर येत पंचमाला हात लावला आणि मींडेने, म्हणजे आवाज न तोडता घसरवत, गांधारावर सम. देशकारासाठी सगळं उलटं करावं लागलं. तार षड्जावरून खाली यायचं, पंचमाला स्पर्श करून धैवतावर सम, रिषभ जवळजवळ नाहीच. शब्द तेच, ताल तोच. भूपात ती विनवणी होती, दिवस मावळल्यावर अंगणात बसून केलेली. देशकारात तोच 'तापली' धैवतावर उभा राहिला तेव्हा सकाळी दहाचं ऊन तोंडावर आल्यासारखं वाटलं. वर्गातल्या एकाने दोन्ही रागांत गांधारावरच थांबत मुखडा म्हटला, तेव्हा सर म्हणाले, "तू देशकार नाही गाऊन राहिला रे, देशकाराचे स्वर गाऊन राहिला." त्या दिवसानंतर वादी स्वराची व्याख्या मला कधी आठवावी लागली नाही.

मग पूरिया, मारवा आणि सोहनी ही त्रयी आली. कोमल रिषभ, तीव्र मध्यम आणि पंचम वर्ज्य, हे तिघांतही सारखंच. वादी-संवादी मात्र वेगळे: मारव्यात रिषभ-धैवत, पूरियात गांधार-निषाद, सोहनीत धैवत-गांधार पण वरच्या अंगाने. पंचम नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार निषादाला मिळवायची. मारव्याचं नाव निघालं की नागपुरात वसंतराव देशपांड्यांचं नाव निघतंच. त्यांचं गाण्याचं शिक्षण इथे शंकरराव सप्र्यांकडे झालं, आणि सिव्हिल लाइन्समधलं मोठं सभागृह त्यांच्याच नावाचं आहे. मला मारवा मिळाला, ताल रूपक. रूपकात समेवरच खाली असते: ती ती ना, धी ना, धी ना. म्हणजे जिथे ओळ येऊन टेकते तिथे डग्गा बोलत नाही. मारव्यात षड्ज टाळत राहायचं आणि तालातही समेला आधार नाही. या दोन गोष्टी एकमेकींना इतक्या जुळतात, हे कोणत्याही पुस्तकात मला सापडलं नव्हतं.

छंद आणि ताल यांचं काम मला सगळ्यांत आवडलं. मराठीत गाणाऱ्याला वृत्तं येतात, पण ती तालात कशी उतरतात याचा विचार आपण सहसा करत नाही. सरांनी भुजंगप्रयात दिलं, मनाचे श्लोक ज्या वृत्तात आहेत ते. लगागा, लगागा, लगागा, लगागा. 'ल' म्हणजे लघू, एक मात्रा, आणि 'गा' म्हणजे गुरू, दोन मात्रा. प्रत्येक गण पाच मात्रांचा, दोन गण म्हणजे दहा, म्हणजे झपताल. इथवर सोपं आहे. पण झपतालाचे विभाग दोन-तीन-दोन-तीन. समेपासून लगागा म्हणायला लागलं की पहिला 'गा' दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेवर पसरतो, विभागाच्या रेषेवर चिरडतो. म्हणताना जीभ अडखळते आणि का ते कळत नाही. दोन संध्याकाळी कागदावर रेघोट्या ओढल्यावर लक्षात आलं की ओळ तिसऱ्या मात्रेपासून उचलायची. तिसरी, चौथी, पाचवी यांत 'लगा', सहाव्या-सातव्यात 'गा', पुढच्या तिघांत पुन्हा 'लगा' आणि शेवटचा 'गा' थेट समेवर. आता वृत्ताची यती, म्हणजे थांबा, आणि तालाचे विभाग एकाच जागी येतात, खालीवरही गुरू आणि समेवरही गुरू. तबल्यावर बसलेल्या मुलाने पहिल्याच आवर्तनाला मान डोलावली. त्या शोधाचा आनंद मला आजही तितकाच आहे.

तबल्याचं एक सांगायचं राहिलं. उन्हाळ्यात वर्गात कूलर लागला की तबल्याची कातडी पुडी ओलावा धरते आणि त्याचा सूर उतरतो. कूलर बंद केला की कोरड्या हवेत चढतो. मे महिन्यात परीक्षा असली की घामाने भिजायचं की बेसूर व्हायचं, यात निवड करावी लागते. आम्ही घाम निवडायचो.

स्वरलिपीचा धडा सगळ्यांत कसोटीचा होता. भातखंडे पद्धत आम्हाला सवयीची: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, तारेला वर, मींडेला वरून कमान, एका मात्रेतल्या स्वरांना खालून कमान. मॅडमनी सांगितलं, प्रत्येकाने आपली बंदिश लिहायची आणि जिने ती ऐकलेली नाही अशा मुलीला द्यायची. तिने फक्त कागदावरून बसवायची आणि आपण ऐकायची. माझी दरबारीतली एक छोटी रचना भंडाऱ्याच्या मुलीकडे गेली. तिने एकही स्वर चुकवला नाही, मात्राही बरोबर. पण दरबारीचा गांधार जो झुलत असतो, रिषभाच्या अंगाने हळू खाली येतो, तो कागदावर फक्त 'ग' आणि त्याखाली रेघ असा होता. आलं ते दरबारीचं नव्हतं, आसावरी थाटातलं काहीतरी होतं. मी लिहिण्यात कसर ठेवली होती असंही नाही, चिन्हंच तेवढी आहेत. भातखंड्यांनी शेकडो बंदिशी अशाच कागदावर उतरवून सहा भागांत छापल्या. त्या कशासाठी आहेत हे मला त्या तासाला उमगलं: ज्याने राग गुरूसमोर ऐकला आहे त्याला बंदिशीची आठवण देण्यासाठी. ज्याने राग ऐकलेलाच नाही, त्याला राग शिकवण्याचं ओझं त्या कागदावर टाकू नये.

त्याच्या शेजारी पाश्चात्त्य पाच रेघांची लिपीही शिकलो, आणि एकाच वेळी तीन स्वर वाजवण्याचं व्याकरण, म्हणजे हार्मनी, थोडंफार. चार, पाच, सहा या प्रमाणातले तीन स्वर, आपले सा-ग-प. तानपुऱ्यात पंचमाची तार असते आणि गांधार आपोआप उमटतो, म्हणजे हा स्वरमेळ आपल्या पाठीशी सतत चालूच असतो, हे लक्षात आल्यावर त्या विषयाची भीती गेली. त्याहून पुढे मला जाता आलं नाही. त्यासाठी पियानोजवळ बसायला हवं, आणि तेवढा वेळ अभ्यासक्रमात नव्हता.

परीक्षेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. लेखी पेपरात अजूनही 'टिपा लिहा' आणि 'सविस्तर वर्णन करा' यांनाच जास्त जागा असते. ज्या विद्यार्थ्याला भूप आणि देशकारातला फरक दोन पानं लिहिता येतो, त्याला आठ मात्रांचा मुखडा दोन्हींत बांधायला सांगा. पाच मिनिटांत कळेल काय समजलं आहे ते. शेवटच्या सत्राच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला हेच विचारलं, आणि मला फार बरं वाटलं. माझ्या झपतालातल्या रचनेचा अंतरा त्यांनी मध्येच थांबवला. "हा तिसऱ्या मात्रेपासून का उचलला? वेगळेपणा म्हणून?" मी लगागा हातावर मोजून दाखवलं. त्यांनी स्वतः एकदा समेपासून म्हणून पाहिलं, मग तिसरीपासून, आणि म्हणाले, "पुढे म्हणा."

लघुप्रबंधासाठी मी भुलाबाईची गाणी घेतली होती. आमच्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी भुलाबाई बसते, मुली टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात आणि मग खिरापत ओळखतात. आईला ही गाणी ढिगाने येतात. शास्त्र शिकलेल्या माणसाचा पहिला उत्साह असा असतो की यात राग शोधावा. मी आईची गाणी रेकॉर्ड करून लिहून काढायला लागले तेव्हा बऱ्याच गाण्यांत चारच स्वर निघाले, काहींत तीन. राग व्हायला निदान पाच लागतात, म्हणजे ती नियमांच्या बाहेर. मग सरांनी जुन्या ग्रंथांतलं वर्गीकरण काढून दिलं: एका स्वराचं आर्चिक, दोनाचं गाथिक, तीनाचं सामिक, चारांचं स्वरांतर, आणि त्यानंतर औडव, षाडव, संपूर्ण. शेवटचे तीन शब्द आपण रोज वापरतो, पहिले चार विसरून गेलो. आईची गाणी त्या चारांत नेमकी बसली. ज्या विद्यापीठाला खंजिरीवर भजन म्हणत गावोगाव फिरलेल्या तुकडोजी महाराजांचं नाव आहे, तिथे हे काम करताना मला समाधान वाटलं.

प्रबंध देऊन झाला, काम चालूच आहे. आई, मावशी आणि सक्करदऱ्याच्या काकू एकच गाणं वेगवेगळ्या दिवशी म्हणतात, तरी त्यात एक गांधार असा लागतो की तो कोमलही नाही आणि शुद्धही नाही, आणि तिघींचाही तिथेच लागतो. ३० इंच आणि २८.८ इंच यांच्यामध्ये कुठेतरी. सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सोनोमीटर घेऊन जा घरी, लॅबवाल्यांना मी सांगतो." या कोजागिरीला तिघींना एकत्र बसवून तो गांधार मोजायचा आहे. मोजमापाआधी त्यांना पट्टी दाखवायची नाही, एवढं मी ठरवलं आहे.